२४ एमबी सलग कुठून आणायचे: फ्रेम ग्रॅबर ड्रायव्हरच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४, सोमवार. गरज आणि आकडे

भोसरी एमआयडीसीतल्या तपासणी स्टेशनवर एकाच ड्रायव्हरने दोन फ्रेम ग्रॅबर कार्डे (कॅमेऱ्याच्या फ्रेम थेट रॅममध्ये लिहिणारी), एक जुने आणि एक नवे, चालवायची आहेत. कॅमेरा मोनोक्रोम, ४०९६ × ३०७२ पिक्सेल, दर पिक्सेलला २ बाइट. एक फ्रेम २,५१,६५,८२४ बाइटची, म्हणजे बरोबर २४ एमबी (या नोंदींत एक एमबी म्हणजे १०,४८,५७६ बाइट). सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे १४४० एमबी. रिंग (फिरत्या क्रमाने वापरायचे बफर) १६ फ्रेमची, एकूण ३८४ एमबी. तपासणीचा प्रोग्रॅम मध्येच अडखळला तर रिंग भरेपर्यंत साधारण २६७ मिलिसेकंद मिळतात.

जुन्या कार्डाला दर फ्रेमसाठी एकच पत्ता देता येतो, तोही ३२ बिटी. तिथून पुढे ते २४ एमबी सरळ लिहीत सुटते. मध्ये दुसरीकडे वळायची सोय नाही. नव्या कार्डाला ६४ बिटी पत्ते चालतात आणि डिस्क्रिप्टरची (पत्ता आणि लांबी सांगणाऱ्या नोंदींची) यादी दिली की ते डेटा हव्या त्या तुकड्यांत विखरून लिहिते. मशीनमध्ये १६ जीबी रॅम, डेबियन १२, कर्नेल ६.१.

कोडला हात लावण्याआधी एक प्रश्न सोडवून घ्यायला हवा. "सलग मेमरी पाहिजे" म्हणताना ती सलग कोणाला दिसायला पाहिजे? प्रोग्रॅमला फ्रेम सलग दिसली पाहिजे. ते काम पेज टेबल (प्रोग्रॅमचे पत्ते रॅमच्या ४ केबीच्या तुकड्यांशी, म्हणजे पेजेसशी, जोडणारा तक्ता) करते आणि त्यासाठी वेगळे काही मोजावे लागत नाही. नव्या कार्डाला एका पेजपलीकडे सलग काहीच नको. जुन्या कार्डाला बसवरचे पत्ते सलग हवेत. प्रत्यक्ष रॅममध्ये २४ एमबी ओळीने असलेच पाहिजेत, अशी मागणी या तिघांपैकी कोणाचीच नाही. मध्ये पत्ते बदलून देणारे हार्डवेअर (आयओएमएमयू) नसेल तेव्हाच बसचा पत्ता आणि रॅमचा पत्ता एक होतो आणि ती पाळी येते. पुढचे सगळे निर्णय या एका फरकावर घ्यायचे आहेत.

५ जून, बुधवार. बडी ॲलोकेटर कुठे थांबतो

कर्नेलमध्ये पेजेसचा ठोक व्यवहार बडी ॲलोकेटर पाहतो. मूळ कल्पना केनेथ नोल्टन यांनी १९६५ मध्ये छापली, आणि लिनक्समध्ये ती आजही ओळखू येईल अशीच आहे. ब्लॉक नेहमी दोनच्या घातात: ऑर्डर ० म्हणजे ४ केबी, ऑर्डर ३ म्हणजे ३२ केबी, ऑर्डर ९ म्हणजे २ एमबी, ऑर्डर १० म्हणजे ४ एमबी. आपल्या मशीनवर १० ही शेवटची पायरी. हेडरमध्ये मॅक्स_ऑर्डर ११ लिहिलेला दिसेल, पण कर्नेल ६.१ मध्ये तो आकडा वगळून मोजायचा असतो. ६.४ पासून तो १० झाला आणि धरून मोजायचा ठरला, ६.८ मध्ये नावही मॅक्स_पेज_ऑर्डर झाले. या आकड्याशी तुलना करणारा ड्रायव्हर नव्या कर्नेलवर नेताना एका पायरीने चुकतो, म्हणून आपल्या कोडमध्ये ही तुलनाच ठेवायची नाही.

दोन ब्लॉक जोडले जायला ते नुसते शेजारी असून भागत नाही, ते एकमेकांचे बडी असावे लागतात. पेज क्रमांक १०२४ पासून सुरू होणाऱ्या ऑर्डर ३ च्या ब्लॉकचा बडी १०३२. आता १०३२ आणि १०४० हे दोन्ही मोकळे असले तरी त्यांचा ऑर्डर ४ चा ब्लॉक होत नाही, कारण १०३२ ची जोडी १०२४ शी ठरलेली आहे. त्यामुळे "मोकळी मेमरी ओळीने आहे, तरी मिळत नाही" असे घडू शकते.

२४ एमबी म्हणजे ६१४४ पेजेस. दोनच्या घातात वर चढवले की ८१९२, म्हणजे ऑर्डर १३. ही मागणी मेमरी कितीही मोकळी असली तरी फेटाळली जाते. कर्नेल त्याची सूचना लॉगमध्ये छापतो, पण एकदाच. ड्रायव्हर काढून परत घातला की दुसऱ्यांदा नल (मेमरी मिळाली नाही असे उत्तर) येतो आणि लॉगमध्ये अवाक्षर नसते. डीमेसग (कर्नेलचा लॉग) कोरा दिसला म्हणून मागणी योग्य होती असे समजू नये.

ऑर्डर १० चे सहा ब्लॉक मागून ते एकमेकांना चिकटून येतील, ही आशाही सोडायची. ताज्या बूटनंतर येतातसुद्धा, आणि हीच यातली वाईट बाब: टेबलावर चालते, कारखान्यात आठवड्याने अडते.

आणखी एक सीमा ऑर्डर ३ वर आहे. ३२ केबीपर्यंतच्या जीएफपी_कर्नेल (झोपून वाट पाहू शकणाऱ्या) मागणीसाठी कर्नेल जवळजवळ हट्टाने प्रयत्न करत राहतो, वेळ पडली तर ओओएम किलरही (मेमरी संपली की एखादा प्रोग्रॅम मारणारा) सोडतो. त्याच्या वर मात्र थोडी सफाई, थोडे कॉम्पॅक्शन (पेजेस हलवून सलग जागा करणे), आणि नाही जमले तर नल. या वरच्या मागण्यांसाठी ओओएम किलर येत नाही. जास्त चिकाटी हवी असेल तर रिट्राय_मेफेल हा फ्लॅग आहे, ज्याच्या नावातच "अपयश येऊ शकते" हे कबूल केलेले आहे.

७ जून, शुक्रवार. बडीइन्फो वाचायची रीत

प्रॉकमधल्या बडीइन्फो फाईलमध्ये दर झोनसाठी (पत्त्यांनुसार पाडलेल्या रॅमच्या भागासाठी) अकरा आकडे असतात: ऑर्डर ० ते १०, त्या त्या मापाचे मोकळे ब्लॉक किती. वाचायची सवय व्हावी म्हणून एक नमुना ओळ:

नोड ०, झोन नॉर्मल: ४३८१ २९०७ १७६४ ८२० ३११ ९६ २२ ४ १ ० ०

गुणाकार करून बेरीज केली तर १,३६,१४० केबी, म्हणजे जवळपास १३३ एमबी मोकळे. पण सर्वांत मोठा ब्लॉक १ एमबीचा, आणि तोही एकच. फ्री कमांड इथे १३३ दाखवेल आणि २ एमबीची मागणी तरीही अडेल. म्हणून मोठ्या मागणीच्या तक्रारीत फ्रीचा आकडा मागवायचा नाही. बडीइन्फो आणि पेजटाइपइन्फो या दोन फाईलींची प्रत मागवायची.

पेजटाइपइन्फोमध्ये तेच आकडे स्थलांतराच्या प्रकारानुसार फोडलेले असतात. प्रोग्रॅमची पेजेस हलवता येतात, कारण पेज टेबलातली नोंद बदलली की काम झाले. केमॅलॉकने (कर्नेलसाठी मेमरी मागायच्या फंक्शनने) दिलेले पेज हलत नाही. त्याचा पत्ता कर्नेलमध्ये कुठे कुठे जपून ठेवला आहे हे कोणालाच सांगता येत नाही. २ एमबीच्या ब्लॉकमध्ये असे एक न हलणारे पेज बसले की उरलेली ५११ रिकामी असूनही तो ब्लॉक गेला. २००८ च्या २.६.२४ पासून कर्नेल हे दोन प्रकार वेगवेगळ्या २ एमबीच्या पेजब्लॉकमध्ये ठेवायचा प्रयत्न करतो, आणि २.६.३५ पासून कॉम्पॅक्शन आहे. दोन्ही उपयोगी, पण मेमरीची चणचण असताना एका प्रकारची मागणी दुसऱ्याच्या पेजब्लॉकमध्ये शिरते, आणि तिथून नासाडी सुरू होते. हे पाहायचे असेल तर एमएम_पेज_अलॉक_एक्स्टफ्रॅग हा ट्रेसपॉइंट चालू करावा.

कॉम्पॅक्ट_मेमरी फाईलमध्ये १ लिहिला की कॉम्पॅक्शन लगेच चालते. त्याआधी ड्रॉप_कॅशेसमध्ये ३ लिहिला तर जास्त जागा हाती लागते. हे निदानापुरते. क्रॉनमध्ये दर तासाला या दोन ओळी टाकून ठेवलेली मशीन पाहण्यात येतात. त्याने डिस्क कॅश दर तासाला रिकामी होते आणि न हलणारी पेजेस जिथल्या तिथे राहतात.

१० जून, सोमवार. केमॅलॉक, व्हीमॅलॉक आणि मधला मार्ग

थोडक्यात, कारण इथे वाद नाही. स्लब ॲलोकेटरमध्ये ८ केबीवरची केमॅलॉकची मागणी थेट बडीकडे जाते आणि दोनच्या घातात वर चढते. अडीच एमबी मागितले की ४ एमबी जातात. दीड एमबी कोणाच्याच कामाचे राहत नाही. अलॉक_पेजेस_एक्झॅक्ट शेपटाची पेजेस परत करते, पण आधी तिलाही मोठा ब्लॉक मिळावाच लागतो.

ड्रायव्हरच्या स्वतःच्या हिशेबाच्या टेबलांना (कोणती फ्रेम कोणाकडे, वेळेचे शिक्के, पेजेसच्या पॉइंटरची यादी) केव्हीमॅलॉक वापरायचे. ते आधी केमॅलॉक करून पाहते, फार ताण न देता आणि लॉगमध्ये आरडाओरड न करता, आणि नाही मिळाले तर व्हीमॅलॉककडे (सुटी पेजेस कर्नेलला सलग दाखवणाऱ्या फंक्शनकडे) वळते. पॉइंटरची यादी एका फ्रेमला ६१४४ × ८ = ४८ केबी; केमॅलॉकने घेतली तर ऑर्डर ४ लागते, म्हणजे ती हट्टाची सीमा ओलांडते. सोडताना केव्हीफ्री. केफ्रीने व्हीमॅलॉकचा पत्ता सोडला तर कर्नेल तिथेच आडवा होऊ शकतो, आणि हे फक्त मेमरीचे तुकडे झालेल्या मशीनवर घडते, म्हणून चाचणीत सापडत नाही.

इंटरप्ट हँडलरमधून यातले काहीच मागायचे नाही. तिथे झोपता येत नाही, म्हणून ना सफाई ना कॉम्पॅक्शन. मोठी मागणी तिथे जवळपास जुगार आहे.

व्हीमॅलॉकच्या पत्त्यावर व्हर्ट_टू_फिज (कर्नेलच्या पत्त्यावरून रॅमचा पत्ता काढणे) चालत नाही. उत्तर येते, चुकीचे येते, आणि कार्ड दुसऱ्याच्याच मेमरीवर लिहून मोकळे होते. पेजनिहाय व्हीमॅलॉक_टू_पेज विचारावे लागते.

१२ जून, बुधवार. नवे कार्ड: सलग काहीच न मागता

इथे १६ फ्रेमसाठी सुटी पेजेस घ्यायची आणि कार्डाला यादी द्यायची. एक डिस्क्रिप्टर १६ बाइटचा: ८ बाइट पत्ता, ४ बाइट लांबी, ४ बाइट खुणा. सगळी ४ केबीची पेजेस आली तर फ्रेमला ६१४४ डिस्क्रिप्टर, म्हणजे ९६ केबी. आता गंमत अशी की ही यादीही कार्ड स्वतः वाचते, म्हणजे तीही कार्डाला सलग दिसायला हवी, आणि ९६ केबी म्हणजे ऑर्डर ५. सुटी पेजेस वापरून जे टाळले ते यादीच्या रूपाने मागच्या दाराने परत येते.

त्यावर साखळी. एका पेजमध्ये २५६ डिस्क्रिप्टर मावतात. २५५ डेटाचे आणि शेवटचा पुढच्या पेजकडे बोट दाखवणारा. ६१४४ भागिले २५५, म्हणजे २५ पेजेस. डीएमए_पूल (डीएमए म्हणजे कार्डाने थेट रॅम वाचणे-लिहिणे) ४०९६ बाइटच्या मापाने तयार करून पेजेस तिथून घ्यायची. पूर्ण मार्गात ऑर्डर ० च्या वर एकही मागणी उरत नाही. कार्ड निवडायची वेळ पुन्हा आली तर डेटाशीटमध्ये सर्वांत आधी ही जोडणीची खूण आहे का ते पाहावे. मेगापिक्सेलचे आकडे नंतर.

मॅपिंग (पेजेसना कार्डासाठी पत्ते देणे) करताना तीन गोष्टी, तिन्ही नेहमी हुकणाऱ्या:

डीएमए_मॅप_एसजी जितके तुकडे दिले त्यापेक्षा कमी परत देऊ शकते, कारण आयओएमएमयू शेजारचे तुकडे जोडतो. कार्डाला परत आलेली संख्या द्यायची. अनमॅप करताना मात्र मूळ संख्या. उलटापालट केली तर आयओएमएमयू नसलेल्या मशीनवर सगळे बिनबोभाट चालते.

तुकड्याची कमाल लांबी सांगितली नाही तर ६४ केबी धरली जाते, म्हणजे चांगल्यात चांगल्या स्थितीतही फ्रेमला ३८४ तुकडे. डीएमए_सेट_मॅक्स_सेग_साइझने आपल्या कार्डाची खरी मर्यादा सांगावी.

डीएमए_सेट_मास्क_अँड_कोहेरंटने ६४ बिटी मास्क (कार्डाला किती बिटांचे पत्ते चालतात ती मर्यादा) मागितला नाही तर ३२ बिटीच गृहीत धरला जातो. मग ४ जीबीच्या वरच्या पेजेससाठी एसडब्ल्यूआयओटीएलबीचे उसने बफर मध्ये येतात. तो साठा डीफॉल्ट ६४ एमबीचा, एका मॅपिंगला कमाल २५६ केबी, आणि प्रत्येक बाइट सीपीयू कॉपी करतो. १४४० एमबी प्रति सेकंदाला हे झेपणारे काम नाही. लॉगमध्ये "एसडब्ल्यूआयओटीएलबी बफर भरला" अशा अर्थाची ओळ दिसली की मास्क तपासावा, रॅम वाढवू नये. रॅम वाढवली तर उलट जास्त पेजेस ४ जीबीच्या वर जातात.

फ्रेमची पेजेस प्रोग्रॅमकडूनच २ एमबीच्या ह्यूजपेजमध्ये घेतली तर फ्रेमला फक्त १२ डिस्क्रिप्टर पुरतात. १६ फ्रेमसाठी १९२ ह्यूजपेजेस बूटच्या वेळीच राखायची आणि ड्रायव्हरमध्ये दीर्घ मुदतीच्या पिनने (पेज हलू न देणाऱ्या पकडीने) धरायची. हा पर्याय सेटिंगमध्ये ठेवला आहे, सक्तीचा नाही.

१८ जून, मंगळवार. जुने कार्ड: तीन वाटा

ड्रायव्हरमध्ये ओळ एकच: दर फ्रेमला डीएमए_अलॉक_कोहेरंट, माप २४ एमबी, मास्क ३२ बिटी. ही ओळ यशस्वी होते की नाही, हे मशीन कसे मांडले आहे त्यावर ठरते.

पहिली वाट आयओएमएमयू. बायोसमध्ये व्हीटी-डी (इंटेलचे आयओएमएमयू) चालू आणि बूटच्या ओळीत इंटेल_आयओएमएमयू=ऑन. मग हीच मागणी कर्नेल सुट्या पेजेसमधून पूर्ण करतो, कार्डापुढे ३२ बिटी मर्यादेतले सलग पत्ते मांडतो आणि सीपीयूसाठी पेजेस वेगळी जोडून देतो. ऑर्डर १३ चा प्रश्नच उरत नाही. परत आलेल्या सीपीयूच्या पत्त्यावरून कार्डाचा पत्ता काढायचा मोह मात्र टाळावा. सोबत आलेला डीएमए हँडलच द्यायचा. आयओएमएमयू=पीटी दिले असेल तर कार्डाला रॅमचे पत्ते जसेच्या तसे दिसतात आणि हा सगळा लाभ जातो. खात्रीसाठी सिसएफएसमध्ये कार्डाच्या आयओएमएमयू गटातली टाइप फाईल पाहावी: डीएमए किंवा डीएमए-एफक्यू हवे, आयडेंटिटी नको.

दुसरी सीएमए (कंटिग्युअस मेमरी ॲलोकेटर). कारखान्यातल्या काही जुन्या औद्योगिक पीसींच्या बायोसमध्ये व्हीटी-डीचा पर्यायच नाही, त्यांच्यासाठी ही. कर्नेल ३.५ पासून आहे. बूटच्या वेळी एक सलग पट्टा राखला जातो. कोणी मागेपर्यंत तिथे हलवता येणारी पेजेस राहू शकतात, आणि मागणी आली की त्यांना दुसरीकडे नेऊन जागा मोकळी केली जाते. कर्नेलच्या कॉन्फिगमध्ये सीएमए आणि डीएमए_सीएमए दोन्ही चालू लागतात. तयार कर्नेलमध्ये ते असतीलच असे धरू नये, आपण कर्नेल स्वतः बांधून देतो.

बूटची ओळ: सीएमए=५१२एम@०-४जी. शेवटचा भाग महत्त्वाचा. तो दिला नाही तर पट्टा ४ जीबीच्या वर पडू शकतो. मग सीएमएतून मिळालेली पेजेस ३२ बिटी मास्कमध्ये बसत नाहीत, कर्नेल ती परत करून बडीकडे जातो आणि ऑर्डर १३ वर आपटतो. मेमइन्फोमध्ये सीएमएटोटल ५१२ एमबी, सीएमएफ्री भरपूर, आणि मागणी तरी नल: हे चित्र दिसले की पट्ट्याची जागा तपासावी.

३८४ ची गरज असताना ५१२ घेतले ते मधली काही पेजेस अडकलेली असतील हे धरून. शिवाय ३८४ एमबी एकदम न मागता १६ वेळा २४ एमबी मागायचे. तुकडा लहान असला की अडकलेल्या पेजला वळसा घालून जागा सापडते, आणि चौदाच मिळाल्या तर रिंग चौदाची करून काम चालू ठेवता येते. सीएमएमध्ये माप दोनच्या घातात चढत नाही, २४ चे २४ च जातात. आरंभाचा पत्ता मात्र डीफॉल्ट कॉन्फिगमध्ये १ एमबीच्या सीमेवरच जुळवला जातो, त्याहून मोठ्या सीमेची अपेक्षा ठेवू नये.

तिसरी वाट मेममॅप: बूटच्या ओळीतून मेमरीचा एक भाग कर्नेलपासून लपवायचा आणि मेम-रीमॅप फंक्शनने स्वतः ताब्यात घ्यायचा. हमखास मिळते, पण ती रॅम एरवी वाया जाते, आणि बायोस बदलला की तो पत्ता मोकळाच असेल याची खात्री नाही. मापानंतर डॉलरचे चिन्ह लागते आणि ग्रब (बूटलोडर) ते गिळतो. ग्रबच्या डीफॉल्ट फाईलमध्ये त्याच्या आधी तीन बॅकस्लॅश द्यावे लागतात. चिन्ह गिळले गेले तर कर्नेल उरलेल्या आकड्याचा अर्थ "एकूण रॅम एवढीच" असा घेतो, आणि १६ जीबीचे मशीन ३८४ एमबीत उठायला बघते. मेममॅप राखीव पर्याय म्हणूनही ठेवत नाही.

२० जून, गुरुवार

भोसरीत गुरुवारची सुट्टी, लाईन बंद. दोन पीसींवर बूटच्या ओळी बदलून घेतल्या. एकावर आयओएमएमयू, दुसऱ्यावर सीएमए.

याच वाराचा चाचणीशी संबंध आहे. मशीन गुरुवारी बंद होते आणि शुक्रवारी ताज्या बूटने उठते. म्हणजे मेमरीचे तुकडे सर्वांत जास्त बुधवारी संध्याकाळी असतात. शुक्रवारी सकाळी घेतलेल्या बडीइन्फोला काही अर्थ नाही. यापुढे सगळी मोजमापे बुधवारच्या दुसऱ्या पाळीत.

२४ जून, सोमवार. सीएमए का अडते

पट्ट्यात फक्त हलवता येणारी पेजेस असतात हे नियमापुरते खरे. प्रत्यक्षात हलणारे पेज तात्पुरते अडकू शकते: डायरेक्ट आयओ चालू असताना कोणी पिन केलेले, डिस्कवर लिहिले जात असलेले, किंवा फाईलसिस्टिमच्या बफरहेडने धरलेले. दीर्घ मुदतीच्या पिनची मागणी आली तर कर्नेल आधी पेज सीएमएबाहेर नेतो. थोड्या वेळाच्या पिनला ती शिस्त नाही, आणि "थोडा वेळ" किती हे कोणीच ठरवलेले नसते.

अशा वेळी लॉगमध्ये "पीएफएन बिझी" अशी ओळ येते. ती एकटी दिसली तर घाबरू नये: सीएमए पुढचा टप्पा पाहतो आणि बहुधा तिथे मिळते. व्हीएमस्टॅटमधला सीएमए_अलॉक_फेल वाढला तर खरे अपयश.

जागा मोकळी करायला पेजेस कॉपी करून हलवावी लागतात, त्याला किती वेळ लागेल सांगता येत नाही. म्हणून नियम: सोळाही फ्रेम प्रोबच्या (ड्रायव्हर कार्डाचा ताबा घेतो त्या) वेळी घ्यायच्या आणि ड्रायव्हर काढेपर्यंत सोडायच्या नाहीत. प्रोग्रॅमने डिव्हाइस उघडल्यावर घेणे आणि बंद केल्यावर सोडणे दिसायला नीटनेटके आहे, पण मग प्रत्येक वेळी तोच जुगार. मॉड्यूल बूटच्या सुरुवातीला, डेटाबेस आणि बाकी सेवा उठण्याआधी लोड होईल असे लावले आहे.

उलट बाजूचा एक धोका. सीएमएची मोकळी पेजेस मेमफ्रीमध्ये मोजली जातात, पण कर्नेलच्या न हलणाऱ्या मागण्यांना ती मिळत नाहीत. कमी रॅमच्या मशीनवर पट्टा मोठा केला की मेमरी मोकळी दिसत असताना ड्रायव्हरच्या साध्या मागण्या अडू लागतात. १६ जीबीत ५१२ एमबीने फरक पडत नाही. १ जीबीच्या बोर्डावर हेच प्रमाण लावू नये.

२७ जून, गुरुवार. फ्रेम प्रोग्रॅमपर्यंत नेणे

जुन्या कार्डासाठी डीएमए_एममॅप_कोहेरंट. स्वतः रीमॅप_पीएफएन_रेंज लिहू नये: आयओएमएमयूच्या मशीनवर फ्रेम सलग नाही, आणि पहिल्या पेजनंतर भलतीच मेमरी प्रोग्रॅमला दिसेल. ही केवळ चूक राहत नाही, सुरक्षेचे भोक होते.

सीएमएच्या मशीनवर असे मॅप केलेले पान प्रोग्रॅमच्या दृष्टीने साधे पान नसते. त्यावरून ओ_डायरेक्टने (कॅश टाळून थेट) एनव्हीएमई डिस्कवर लिहायला गेले की ईफॉल्ट (पत्ता अयोग्य) ही चूक येते, कारण कर्नेल अशा मॅपिंगची पेजेस पिन करू देत नाही. सदोष भागाची फ्रेम जपून ठेवायची आहे, तिथे साध्या बफरमध्ये कॉपी करून मग लिहायचे. सगळ्या फ्रेम जपायच्या असत्या तर ही कॉपी परवडली नसती आणि नव्या कार्डाचाच मार्ग धरावा लागला असता.

एक्स८६ वर कोहेरंट (सीपीयू आणि कार्ड दोघांना सारखीच दिसणारी) मेमरी कॅशमधून वाचता येते. आर्मच्या अनेक बोर्डांवर ती कॅशबाहेर असते आणि सीपीयूने प्रतिमा वाचणे कमालीचे मंद होते. तिथे नॉनकोहेरंट घेऊन दर फ्रेमला सिंक करणे बरे. पट्टाही तिथे बूटच्या ओळीऐवजी डिव्हाइस ट्रीच्या रिझर्व्ह्ड-मेमरी विभागात लिहितात.

३ जुलै, बुधवार. मुद्दाम तुकडे पाडून चाचणी

पालखीच्या दिवसांत आळंदी रस्त्याने जाणे-येणे अवघड, त्यामुळे भोसरीची चाचणी आज धरली.

पद्धत: एक छोटे मॉड्यूल सुटी पेजेस मागत जाते, मोकळी मेमरी ठरलेल्या पातळीखाली आली की थांबते, आणि प्रत्येक २ एमबीच्या ब्लॉकमधले एक पेज धरून बाकीची सोडते. ही पेजेस न हलणारी असतात, म्हणून कॉम्पॅक्शनलाही दाद देत नाहीत. सोबत कर्नेलच्या सोर्सचे समांतर बिल्ड चालू ठेवायचे. बडीइन्फोत ऑर्डर ९ आणि १० शून्यावर आले की ड्रायव्हर काढून परत घालायचा.

आयओएमएमयूचे मशीन: सोळाही फ्रेम मिळाल्या. अपेक्षितच. सीएमएचे मशीन: मॉड्यूलची पेजेस पट्ट्यात शिरूच शकत नाहीत, त्यामुळे या हल्ल्याचा त्यावर परिणाम नाही, त्रास बिल्डमुळे, डिस्कवर लिहिली जाणारी पेजेस पट्ट्यात असताना. सीएमएची खरी परीक्षा घ्यायची तर मेमरी खाण्यापेक्षा डिस्कवर जोरात लिहिणे उपयोगी.

अपयशाचा मार्ग तपासायला फेल_पेज_अलॉक (मागण्या मुद्दाम फेटाळायची कर्नेलची सोय). कॉन्फिगमध्ये फॉल्ट इंजेक्शन चालू लागते. इग्नोर-जीएफपी-वेट ही सेटिंग मुळात चालू असते, म्हणजे झोपू शकणाऱ्या मागण्यांना हात लागत नाही आणि प्रोब प्रत्येक वेळी पास होतो; ती बंद करावी. मिन-ऑर्डरही मुळात १ असतो. नव्या कार्डाच्या मार्गात ऑर्डर ० शिवाय काही नाही, म्हणून तो ० करावा. सीएमएची मागणी या फाट्याने जातच नाही; तिथे सीएमए=६४एम@०-४जी देऊन बूट करणे सोपे: दोनच फ्रेम मिळतात आणि पुरेशा फ्रेम न मिळाल्यावर ड्रायव्हर कसा वागतो ते दिसते. किमान रिंग चारची ठरवली आहे, त्याखाली प्रोबने ईनोमेम (मेमरी नाही) द्यायचा आणि किती मिळाल्या ते लॉगमध्ये लिहायचे.

५ जुलै, शुक्रवार. सोडण्याचा क्रम

मेमरी घेण्याइतकेच सोडणे नाजूक, कारण कार्डाला प्रोग्रॅम मेल्याचे कळत नाही. क्रम असा: कॅप्चर थांबवायचे, कार्डाच्या स्टेटस रजिस्टरमध्ये "निष्क्रिय" येईपर्यंत थांबायचे, मग पीसीआय_क्लिअर_मास्टर, मग इंटरप्ट सोडायचा, शेवटी फ्रेम. ठरलेल्या वेळेत कार्ड निष्क्रिय झाले नाही तर फ्रेम सोडायच्याच नाहीत. ३८४ एमबी गळाले तरी चालतील, पण कार्ड जिथे लिहीत आहे ती पेजेस डेटाबेसच्या हाती जाता कामा नयेत. सीएमएच्या मशीनवर हा धोका जास्त: तिथे अडवायला आयओएमएमयू नाही.

हाच क्रम शटडाउन कॉलबॅकमध्येही. केएक्झेकने (मशीन पूर्ण रीबूट न करता) नवा कर्नेल उठवला तर जुने कार्ड जुन्याच पत्त्यांवर लिहीत राहू शकते.

सुपूर्द करायच्या यादीत दर मशीनमागे चार ओळी: बायोसमध्ये व्हीटी-डी आहे का, बूटची पूर्ण ओळ, प्रोबनंतर मिळालेल्या फ्रेमची संख्या, आणि पुढच्या बुधवारच्या संध्याकाळची बडीइन्फो.